म्हैस, कॅन आणि ॲड्रेनलिन
(अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हटल्यावर मी खरं तर पावसावरची कविता देणार होतो. संपादक मंडळातला मित्र म्हणाला, "पावसावरच्या अकरा आल्यात. तू ती आत्याची गोष्ट लिही की, कॅनची." म्हणून हा लेख. विषय थोडा मेडिकलचा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच लॅबमध्ये येऊन पोहोचतो, तेव्हा पान उलटू नका.

माझं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. (शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात.) आत्या दिली दौंड तालुक्यात, पाटसच्या पुढे. शिरूर-न्हावरे-चौफुला या रस्त्याने एस.टी.त बसलं की तासा-दीड तासात आत्याच्या हातचं पिठलं, असा आमचा सुट्टीचा हिशोब. आत्या वय वर्षं सेहेचाळीस, अंगाने काटक, दोन म्हशी आणि अडीच एकर ऊस एकटीने ओढणारी बाई. तिला एक विचित्र दुखणं लागलं. म्हैस पिळायला खाली वाकली की कधीकधी अचानक छातीत धडधडायचं, डोकं फुटेल असं दुखायचं, चेहरा पांढराफटक आणि घाम असा की पोलकं पिळून घ्यावं. पंधरा-वीस मिनिटं हा तमाशा, मग जसं काही झालंच नाही. दवाखान्यात जाईपर्यंत बी.पी. १३०/८५. डॉक्टर काय बोलणार? गावातल्या बायकांनी तर निदान करूनच टाकलं होतं, "हिच्या अंगात येतंय."

एकदा मात्र ती दौंडला बाजाराला गेलेली असताना झटका आला आणि शेजारीच दवाखाना होता. तिथे बी.पी. भरलं २३० वर १२०. धडधड थांबावी म्हणून बीटा ब्लॉकर जातीची गोळी सुरू झाली. त्याने आत्या बरी व्हायच्या ऐवजी जास्तच खराब झाली! याचं कारण पुढे येईलच. मग कोणालातरी शंका आली आणि चोवीस तासांच्या लघवीची 'व्ही.एम.ए.' नावाची तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल. झालं, ट्यूमरबिमर काही नाही, टेन्शन आहे, वय झालंय, पाळी जाण्याचे दिवस आहेत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. या एका नॉर्मल रिपोर्टवर आत्याची जवळजवळ दोन वर्षं गेली.

तो रिपोर्ट चुकीचा नव्हता बरं का. लॅबने आकडा बरोबरच काढला होता. मग ट्यूमर असून तपासणी नॉर्मल कशी आली, या प्रश्नाने मला सेकंड इयरला एवढं पछाडलं की मी सबमिशन सोडून लायब्ररीत भलतीच पुस्तकं वाचत बसलो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, चार-पाच ग्रॅम वजनाची. हीच अधिवृक्क ग्रंथी. तिच्या गाभ्यात ॲड्रेनलिन तयार होतं. कच्चा माल म्हणजे टायरोसिन, हे अन्नातल्या प्रथिनांतून येणारं अमिनो आम्ल. टायरोसिनचं डोपा, डोपाचं डोपामिन, डोपामिनचं नॉरॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिनचं ॲड्रेनलिन, अशी ही असेंब्ली लाईन आहे. शेवटच्या तिघांना मिळून कॅटेकोलामाइन्स म्हणतात. कुत्रं मागे लागल्यावर किंवा व्हायव्हाला बाहेरचे एक्झामिनर बोलावतात तेव्हा आपल्याला जे होतं, ते यांच्यामुळे. या गाभ्यातल्या पेशींची गाठ झाली की ती मनाला येईल तेव्हा हे रसायन रक्तात ओतते. पोटावर दाब पडला, माणूस वाकला, की ओतते. आत्याची म्हैस निर्दोष होती, दोष वाकण्यात होता!

या गाठीचं नाव फिओक्रोमोसायटोमा. ग्रीक शब्दांचा अर्थ करड्या-काळपट रंगाची पेशी. क्रोमियमचे क्षार लावले की या पेशी तपकिरी होतात, म्हणून १९१२ मध्ये लुडविग पिक यांनी हे नाव दिलं. त्याआधी १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला फ्रेंकेल यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीचं वर्णन लिहून ठेवलं होतं. असेच झटके, आणि मृत्यूनंतर दोन्ही बाजूंना गाठी. तिच्या घराण्यातल्या आजच्या माणसांची तपासणी करून हा आनुवंशिक दोष होता हे २००७ मध्ये सिद्ध झालं. १२१ वर्षांनी! शस्त्रक्रियेने गाठ यशस्वीपणे काढण्याचं काम १९२६ साली झालं, आधी लोझानला सेझार रू यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी. तेव्हा रसायन मोजायची सोयच नव्हती. पोट उघडायचं आणि बघायचं.

मोजायचं किती, तर एवढंसं

आता आपला विषय. निवांत पडलेल्या माणसाच्या रक्तद्रवात नॉरॲड्रेनलिन असतं मिलिलिटरला साधारण अर्धा नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी. ॲड्रेनलिन त्याच्या पाचवा-दहावा हिस्सा. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, हे आपण अकरावीत पाठ केलं, पण डोळ्यासमोर काही येत नाही. म्हणून आमच्याकडचं माप देतो. आमच्या शिवारात प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत, ३० बाय ३० मीटरची, तीन मीटर खोल. बाजू उताराच्या असतात, तेव्हा अंदाजे २० लाख लिटर पाणी धरा. त्या अख्ख्या तळ्यात एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर पावडर टाकून ढवळली तर जी तीव्रता होईल ती अर्धा नॅनोग्रॅमची. आणि तुम्हाला तळ्यातून दोन चमचे पाणी काढून त्यात पावडर किती हे सांगायचंय. त्यातून तळ्यात शेवाळ, युरिया, मासे, सगळं आहेच. वर हा पदार्थ रक्तात एक-दोन मिनिटांत निम्मा होतो, हवेने सडतो, उजेडाने बिघडतो.

सडतो म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात बघा. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. वांग्यात जी रसायनं असतात त्यांच्या बेंझिन कड्यावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात. या जोडीला कॅटेकोल म्हणतात. हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचं क्विनोन होतं आणि पुढे काळपट रंग. ॲड्रेनलिनच्या कड्यावरही नेमकी हीच जोडी आहे! सफरचंदाच्या फोडींना आई लिंबू लावते कारण आम्लात हा प्रकार मंदावतो. म्हणूनच चोवीस तासांच्या लघवीच्या कॅनमध्ये लॅबवाले आधीच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देतात. पीएच तीन-चारच्या खाली राहिला की कॅटेकोलामाइन्स टिकतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कॅन पुढे येणार आहे.

पण हीच काळी पडायची खोड मोजण्यासाठीही कामाला आली. सगळ्या पद्धतींचा इतिहास म्हणजे या एका जोडीला वेगवेगळ्या तऱ्हेने कसं पकडलं त्याचा इतिहास.

सुरुवातीला मात्र यंत्र नव्हतं, जनावर होतं. स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर (नॉरॲड्रेनलिन हा मज्जातंतूंचा निरोप्या आहे हे दाखवणारे, १९७० चं नोबेल मिळालेल्यांपैकी एक) लघवीचा अर्क मांजराला टोचून रक्तदाब किती चढतो ते बघत, आणि तोच अर्क कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावर टाकून तो किती सैल पडतो ते बघत. मांजर दोन्ही रसायनांना दाद देतं, आतडं मुख्यतः ॲड्रेनलिनला. दोन अज्ञात, दोन समीकरणं! एम-वनचा अभ्यासक्रम. १९५० च्या सुमारास या वाटेने त्यांनी या गाठीच्या रुग्णांच्या लघवीत कॅटेकोलामाइन्स भरमसाट असतात हे दाखवलं.

ज्यांच्याकडे मांजर नव्हतं ते डॉक्टर रुग्णावरच प्रयोग करत. हिस्टामिन टोचून मुद्दाम झटका आणायचा आणि बी.पी. बघायचं. किंवा उलट, फेंटोलामिन टोचून बी.पी. धाडकन उतरतं का बघायचं. पहिल्या प्रकारात रुग्ण मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो आणि दुसऱ्यात शॉकने. निदान बरोबर, पेशंट गेला, अशातली गत. रसायनशास्त्राने हे प्रकार बंद पाडले हे फार बरं झालं.

मग आली चमक. ॲड्रेनलिनला पोटॅशियम फेरीसायनाइडने ऑक्सिडाइज केलं, मग अल्कली घातलं की त्याचं ॲड्रेनोल्युटिन होतं आणि त्यावर जांभळा प्रकाश सोडला की ते पिवळट हिरवं चमकतं. ही प्रतिदीप्ती. ट्रायहायड्रॉक्सीइंडोल पद्धत असं तिचं भारदस्त नाव. गंमत म्हणजे पीएच ३.५ ला फक्त ॲड्रेनलिन ऑक्सिडाइज होतं आणि पीएच ६ ला दोन्ही. पुन्हा वजाबाकी. त्याआधी नमुना ॲल्युमिनाच्या पावडरीत घोळवायचा. पीएच ८.५ च्या आसपास ॲल्युमिना त्या कॅटेकोल जोडीला घट्ट धरते, बाकीची घाण धुऊन टाकायची, मग आम्ल घालून धरलेलं सोडवायचं. अडचण अशी की चमकणारं जगात एकटं ॲड्रेनलिन नाही. टेट्रासायक्लीन घेतलेला माणूसही चमकतो. आणि मिथाइलडोपा, जी गोळी बी.पी.च्याच रुग्णांना देत, तीही चमकते! म्हणजे ज्याला तपासायचं त्यालाच खोटा रिपोर्ट.

दुसरी वाट उरलेल्या कचऱ्याची. शरीरात ॲड्रेनलिन वापरून झालं की शेवटी त्याचं व्हॅनिलिलमँडेलिक आम्ल होऊन लघवीतून जातं. हेच ते व्ही.एम.ए. १९५७ मध्ये याचा शोध लागला. हे मिलिग्रॅममध्ये असतं, म्हणजे शेततळ्याऐवजी बादली झाली. १९६२ ची पिसानो यांची पद्धत तर इतकी सोपी की आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमध्येही होईल. पेरिऑडेटने ऑक्सिडाइज करायचं, व्ही.एम.ए.चं व्हॅनिलिन होतं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३६० नॅनोमीटरला शोषण मोजायचं. व्हॅनिलिन म्हणजे आईस्क्रीममधलं व्हॅनिलाच! म्हणून जुन्या काळी या तपासणीआधी व्हॅनिला, केळी, कॉफी बंद ठेवायला सांगत. स्वस्त असल्यामुळे ही तपासणी गावोगाव पोहोचली आणि आत्याचीही झाली.

नॉर्मल का आली?

आता मुख्य गोष्ट. व्ही.एम.ए. बहुतेक सगळं यकृतात तयार होतं आणि त्याचा कच्चा माल बहुतांशी सगळ्या शरीरातल्या मज्जातंतूंचं नॉरॲड्रेनलिन असतो, मग गाठ असो वा नसो. गाठीचा वाटा त्या ढिगात मिसळून जातो. आपल्या भाषेत सिग्नल-टू-नॉईज रेशो खराब. हेडफोन न लावता सासवड जत्रेच्या लाऊडस्पीकरखाली मोबाईलवर बोलायचं म्हणा ना.

ज्युलियस ॲक्सेलरॉड (हेही १९७० च्या नोबेलचे मानकरी) यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की कॅटेकोलच्या जोडीतल्या एका हायड्रॉक्सिलवर मिथाइल गट बसवणारं एक विकर असतं, सी.ओ.एम.टी. ॲड्रेनलिनचं त्याने मेटानेफ्रिन होतं, नॉरॲड्रेनलिनचं नॉरमेटानेफ्रिन. पुढे कळलं ते असं, की हे विकर गाठीच्या पेशींच्या आतच भरपूर असतं, मज्जातंतूंमध्ये नसतं. पेशीतल्या साठ्यातून कॅटेकोलामाइन्स सतत थोडी गळतात आणि आतल्या आतच त्यांचं मेटानेफ्रिन होऊन रक्तात येतं. म्हणजे गाठ झटका देवो न देवो, मेटानेफ्रिन चोवीस तास झिरपत असतं! ॲड्रेनलिन मोजायचं तर झटक्याच्या वेळी सुई हातात हवी. मेटानेफ्रिनला मुहूर्त लागत नाही.

लेंडर्स, पचाक, आयझेनहोफर वगैरे मंडळींनी २००२ साली सगळ्या तपासण्या शेजारीशेजारी ठेवून ताडून पाहिल्या. ज्यांना खरोखर गाठ आहे अशा १०० जणांपैकी किती पकडले जातात? रक्तातल्या मुक्त मेटानेफ्रिन्सने ९९. लघवीतल्या वेगवेगळ्या मोजलेल्या मेटानेफ्रिन्सने ९७. रक्तातल्या कॅटेकोलामाइन्सने ८४. आणि व्ही.एम.ए.ने? ६४. तिघांतला एक हातातून निसटतो. आत्या त्या तिसऱ्यात होती. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिली तपासणी म्हणून मेटानेफ्रिन्सच सांगितलेली आहेत.

मग सरसकट सगळ्या बी.पी.वाल्यांची मेटानेफ्रिन का करू नये? माझाही हाच प्रश्न होता, आणि थोडा रागही. याचं उत्तर प्रॉबॅबिलिटीच्या पेपरात आहे. समजा, शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात मिळून बी.पी.चे १००० रुग्ण रांगेत उभे आहेत. अशा रुग्णांत ही गाठ हजारी एक ते सहा जणांनाच असते, आपण दोन धरू. तपासणी दोघांनाही पकडेल. पण त्याच २००२ च्या आकड्यांप्रमाणे निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची तिची क्षमता ८९ टक्के. उरलेल्या ९९८ पैकी जवळजवळ ११० जणांना ती उगाच 'आहे' म्हणेल. दोन खरे, ११० खोटे! त्या ११० जणांचे सी.टी. स्कॅन, हेलपाटे, उधारी आणि रात्रीची झोप कोण भरून देणार? म्हणून आधी लक्षणं बघायची. धडधड, घाम आणि डोकेदुखी हे त्रिकूट झटक्याने येतंय का? मग तपासणी. तेव्हा स्वस्त साधन आहे ते बी.पी.चा पट्टा आणि नीट ऐकून घेणारा माणूस. आमच्याच तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून चालू आहे आणि २००२ पासून तिथे २२ गावांतल्या घराघरांची आरोग्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. असल्या घरी जाऊन विचारणाऱ्या कामात झटक्यावाली बाई सापडायची शक्यता जास्त, असं आपलं माझं मत.

कॅन

पुण्यातल्या अंतःस्रावतज्ज्ञ मॅडमनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हैस पिळण्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं म्हणे. त्यांनी लघवीतली मेटानेफ्रिन्स सांगितली. कॅन आणायचं काम माझ्याकडे. पाच लिटरचा पांढरा कॅन, तळाशी आम्ल. लॅबवाल्या दादाने नीट समजावलं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दिवसभरातली प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची. आम्लाला हात लावायचा नाही. मी घरी सगळं सांगितलं आणि मोठ्या कर्तबगारीने कट्ट्यावर गेलो.

आत्याच्या सासूबाईंनी, आमच्या आजींनी, संध्याकाळी कॅन उघडून बघितला. आत घाण वासाचं पाणी! "दवाखान्यातनं असा घाणेरडा कॅन देत्यात व्हय?" म्हणून त्यांनी तो राखेने घासून, स्वच्छ धुऊन, उन्हात... नाही, ऊन मावळलं होतं, चुलीपाशी वाळवून ठेवला. आत्याने दुसऱ्या दिवशी तो इमानेइतबारे भरला. एप्रिल महिना. तो कॅन मी मांडीवर घेऊन दौंडपर्यंत गेलो, तिथून पुण्याच्या गाडीत. तिसऱ्या दिवशी फोन आला की नमुन्याचा पीएच सातच्या वर आहे, घेता येणार नाही. तेव्हा मला लॅबचा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी पीएच पट्टी बुडवून बघितली नसती आणि तसाच आकडा छापला असता, तर तो कदाचित पुन्हा 'नॉर्मल'च आला असता. आजींना आम्ही काही बोललो नाही. त्यांना मात्र कळलं. आठ दिवस त्या आत्याला म्हशीपाशी जाऊ देत नव्हत्या, स्वतःच पिळत होत्या, वय वर्षं बहात्तर.

दुसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, रक्तावरच करू. त्यासाठी पुण्याला जावं लागलं, कारण सुई टोचून तशीच ठेवतात, माणसाला अर्धा तास शांत झोपवून ठेवतात आणि मगच त्या सुईतून रक्त घेतात. उठून बसल्यानेही नॉरमेटानेफ्रिन वाढतं, टोचल्याच्या भीतीने ॲड्रेनलिन वाढतं. नळी बर्फात, रक्तद्रव वेगळा करून गोठवायचा. सर्दीची गोळी, काही मानसोपचाराची औषधं आधीच बंद करायची असतात, पण मनाने नाही, डॉक्टरांना विचारूनच.

तो नमुना पुढे ज्या मशीनवर गेला तिथे आपला विषय सुरू होतो. आधी क्रोमॅटोग्राफी समजून घेऊ. पुण्याहून दौंडला येणारी गाडी बघा. पॅसेंजर लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस असं प्रत्येक ठिकाणी थांबत येते, एक्सप्रेस न थांबता येते. दोघी पुण्याहून एकदमच सोडल्या तरी दौंडला वेगवेगळ्या वेळी पोहोचणार. एच.पी.एल.सी.च्या नळीत सी-१८ म्हणजे तेलकट साखळ्या चिकटवलेले बारीक कण ठासून भरलेले असतात. ज्या रेणूला हे कण आवडतात तो प्रत्येक स्टेशनवर उतरून चहा पितो आणि उशिरा बाहेर येतो. ज्याला आवडत नाहीत तो सरळ दौंड. अशी गर्दीतून एकेक गाडी वेगळी होते.

आता दौंडच्या फलाटावर मोजणार कसं? १९७३ मध्ये अमेरिकेत ॲडम्स, किसिंजर आणि सहकाऱ्यांनी नळीच्या तोंडाशी एक कार्बनचा इलेक्ट्रोड बसवला आणि त्याला ०.६-०.७ व्होल्ट दिले. पुन्हा तेच वांगं! कॅटेकोलचं क्विनोन होताना दोन इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते आपण करंट म्हणून मोजतो. गणित करून बघा. एक नॅनोग्रॅम नॉरॲड्रेनलिन म्हणजे १६९ ने भागून ५.९ पिकोमोल. गुणिले दोन, गुणिले फॅरेडेचा ९६,४८५, की आले सुमारे १.१ मायक्रोकूलोम. शिखर वीस सेकंद रुंद असेल तर सरासरी ५७ नॅनोॲम्पिअर, पण अशा इलेक्ट्रोडवर पाचेक टक्केच रेणू खरोखर पोहोचतात, म्हणजे तीन नॅनोॲम्पिअरच्या आसपास. आपण ऑप-ॲम्पच्या प्रॅक्टिकलला मिलिॲम्पिअरवर रडतो. तीन नॅनोॲम्पिअर मोजायचे तर शिल्डिंग, ग्राउंडिंग, पंपाच्या धडक्यांची शांतता, सगळं लागतं. १९८० नंतर बरीच वर्षं हीच पद्धत मोठ्या लॅबचा आधार होती. तिचा एक जुना शत्रू म्हणजे पॅरासिटामॉल. तेही या व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडतं. डोकं दुखतं म्हणून गोळी घेतलेला रुग्ण, आणि या रोगात डोकंच दुखतं!

आज मोठ्या लॅबमध्ये क्रोमॅटोग्राफीपुढे टँडम मास स्पेक्ट्रोमीटर असतो. रेणूवर विद्युतभार चढवायचा आणि वजनाने चाळायचं. मेटानेफ्रिन भार घेऊन, पाण्याचा एक रेणू गमावून १८० वजनावर दिसतं. पहिली चाळण फक्त १८० ला आत सोडते. मधल्या खोलीत वायूच्या रेणूंवर आपटून ते फुटतं. दुसरी चाळण फक्त १४८ चा तुकडा मोजते. नॉरमेटानेफ्रिनसाठी १६६ आणि १३४. दोन्ही दारांची ओळखपत्रं जुळणारा भामटा क्वचितच. शिवाय नमुन्यात सुरुवातीलाच ड्युटेरियमचे तीन अणू बसवलेलं मेटानेफ्रिन ठराविक मात्रेत घालतात. ते वागायला हुबेहूब जुळं, पण वजनाला तीनने जड. वाटेत जेवढं खरं वाया जातं तेवढ्याच प्रमाणात हे जातं, आणि शेवटी गुणोत्तर घेतलं की नुकसान कापलं जातं. मला विचाराल तर सगळ्या पद्धतीतली सर्वात हुशार गोष्ट ही आहे, करोडोचं मशीन नव्हे.

आत्याचा रिपोर्ट आला. नॉरमेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या नऊपट. तीन-चारपटीच्या वर गेलं की शंका फारशी उरत नाही. सी.टी. स्कॅनमध्ये उजव्या बाजूला साडेचार सेंटिमीटरची गाठ, मोठ्या लिंबाएवढी.

पण लगेच ऑपरेशन नाही. आधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकर, भरपूर पाणी, जेवणात मीठ. आणि इथे त्या पहिल्या गोळीचं कोडं सुटलं. ॲड्रेनलिनच्या कुटुंबासाठी रक्तवाहिन्यांवर दोन प्रकारची कुलपं असतात. अल्फा उघडलं की वाहिनी आवळते, बीटा उघडलं की काही वाहिन्या सैल पडतात. आधी बीटा बंद केलं की सैल करणारं दार बंद, आवळणारं सताड उघडं, आणि बी.पी. आणखी वर. म्हणून या रोगात आधी अल्फा, मग लागलं तर बीटा. गोळी देणाऱ्याला गाठ माहीत नव्हती, त्याला दोष देऊन उपयोग नाही. दुर्बिणीने ऑपरेशन झालं. गाठीला हात लावला तेव्हा बी.पी. उसळलं आणि ती सुटी झाल्यावर खाली आलं, असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मामांना सांगितलं. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.)

मग वडिलांची पाळी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या अंतःस्राव विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १५० रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत आनुवंशिक दोष सापडला होता. आत्याचा सख्खा भाऊ म्हणजे माझे वडील, आणि वडिलांच्या नंतर मी. आत्याची जनुकीय तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. रिपोर्टची वाट बघण्याचे ते पाच आठवडे मी प्रत्येक वेळी छाती धडधडली की घाम आलाय का ते बघत होतो. व्हायव्हाच्या दिवशी तर दोन्ही होतं.

गाठ पुन्हा येऊ शकते म्हणून आत्याला दर वर्षी तपासणीला न्यावं लागतं. यंदा मी घेऊन गेलो. चौफुल्याला एस.टी. पकडली, वाटेत आत्याने पिशवीतून धपाटे काढले, मी म्हटलं उपाशीपोटी जायचंय, तिने परत ठेवले. लॅबमध्ये सुई टोचून तिला कॉटवर झोपवलं, पंखा लावला, दिवा मालवला. सिस्टर म्हणाल्या, अर्धा तास अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही. पाच मिनिटं गेली. आत्याने एक डोळा उघडला आणि हळूच विचारलं, "बाळा, ह्ये झोपायचंबी पैसं घेत्यात का रं?"